आपली बाग : आश्विन मास

भाद्रपदाची झड सरून दसरा जवळ आला, कीं देशावर जें ऊन तापूं लागतें त्यांत बागेची परीक्षा होते. चार महिने माळ्याचें काम पावसानें केलें. आतां तें आपल्याकडे आलें आहे.

हिरवळीसाठीं हरळीसारखें गवत नाहीं; पूजेंतील दूर्वा ती हीच. पावसांत माजलेली हरळी एकदम मुळाशीं कापूं नये. उघडी पडलेली मुळें उन्हानें करपतात. आठ आठ दिवसांनीं थोडी थोडी खालीं आणावी. लव्हाळा नुसता उपटून जात नाहीं. जमिनींत ओल आहे तोंच तो खुरप्यानें गाठींसह काढावा. रोज पाणी शिंपडण्यापेक्षां आठवड्यांतून दोनदां भरपूर द्यावें, म्हणजे मुळें खोल जातात. गुलाबाची छाटणी मात्र पाऊस पुरता उघडल्यावरच करावी. ओल्या हवेंत केलेल्या कापापासून फांदी वाळत येते.

परंतु या महिन्यांत खरें लक्ष हवें तें शेवंतीकडे. तिचे शेंडे खुडण्याचे दिवस आतां संपले; यापुढें खुडाल तर कळ्याच खुडाल. आणखी एक गोष्ट आहे, ती आमच्या घरीं घडलेल्या प्रसंगावरून सांगतें.

एके वर्षीं मागील दारची शेवंती बहरली, पण ओटीजवळच्या वाफ्यांत नुसता पाला. तो वाफा आमच्या धाकट्या जाऊबाईंकडे होता. खत फार घातलें, पाणी वेळेवर दिलें नाहीं, असे बोल घरांतील सर्वांनीं त्यांना लावले. त्यांत मीही होतें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. कार्तिकी पौर्णिमेनंतर एके दिवशीं त्या हळूच म्हणाल्या, “सासूबाई, ओटीवरचा दिवा रात्रभर जळतो. मागील दारीं अंधार असतो.”

त्यांचें म्हणणें खरें होतें. शेवंतीला कळी धरण्यास लांब, अखंड रात्र लागते. दिवसाची लांबी व फुलणें यांचा हा संबंध गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केला. पुढें असेंही दिसून आलें, कीं मध्यरात्रीं थोडा वेळ उजेड पडला तरी शेवंती ती रात्र लहानच मानते. आमचा दिवा तर पहांटेपर्यंत जळत होता.

त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर ओटीवरचा दिवा लागला नाहीं; येणाऱ्याजाणाऱ्यासाठीं कोनाड्यांत पणती ठेवूं लागलों. महिन्याभरांत कळ्या दिसल्या, आणि पौष सरतां सरतां वाफा पिवळाधमक झाला. पहिलीं फुलें सासूबाईंनीं जाऊबाईंच्याच हातून देवाला वाहविलीं. मी मात्र माझे शब्द परत घेण्यास आणखी चार दिवस घेतले, याची खंत अजून आहे.

तेव्हां वाचकभगिनींनो, आपल्या वाफ्यांत कळी दिसली नाहीं, तर माणसाला दोष देण्यापूर्वीं एकदां रात्रीं बाहेर येऊन उजेड कोठवर पडतो तें पाहावें. पुढील महिन्यांत हिंवाळी फुलांच्या रोपांविषयीं.