तोडलेला ऊस आणि जंतूंचीं द्वारें

दसरा-दिवाळी आटोपली कीं आमच्या शिरूर कासार तालुक्यांतील गांवें ओस पडूं लागतात. कोयत्यांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊसतोडीस जातात. पुढें साखरेचा उतारा घटला कीं दोष बहुधा तोडणाऱ्याच्या माथीं येतो. आमच्या मतें ह्या दोषाचा धनी निराळा आहे. तो ओळखण्यासाठीं वाचकांनीं एका सूक्ष्म जंतूचा कारभार समजून घ्यावा.

जंतूच्या शरीराभोंवतीं तेलकट पडदा असतो. साखर पडली पाण्यांत विरघळणारी; ती ह्या पडद्यांतून आपोआप आंत जात नाहीं. म्हणून पडद्यांत प्रथिनांचीं द्वारें असतात. १९५६ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील झाक मोनो व त्यांचे सहकारी यांनीं अशा द्वारास ‘पर्मिएज’ हें नांव दिलें. हें द्वार बाहेरून साखर घेतें, बाहेरची बाजू मिटतें आणि मगच आंतली उघडतें. १९६४ सालीं कुंडिग, सुधामय घोष व रोझमन यांनीं दुसरी रीति दाखविली. तींत साखर आंत शिरतांनाच तिच्यावर फॉस्फेटचा शिक्का बसतो, व मग ती परत फिरत नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें ही व्यवस्था आम्हांस चटकन उमगली.

तोडलेल्या उसाच्या टोकांतून ल्युकोनॉस्टॉक नांवाचा जंतु आंत शिरतो. तो अंगाबाहेर पाचकद्रव्य सोडून साखर फोडतो, तींतील द्राक्षशर्करेचें डेक्स्ट्रन नांवाचें बुळबुळीत द्रव्य बनवितो, आणि सुटलेली फळशर्करा प्रथिनद्वारांनीं पोटांत घेतो. रस चिकट होतो, गाळणें जड जातें, दाणा नीट बनत नाहीं. शिवाय तुटलेला ऊस स्वतःची साखरही मोडूं लागतो आणि सुकून वजनांत घटतो. ऊन जितकें कडक, तितकी ही नासाडी अधिक.

२०२४-२५ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये दर ठरविला होता. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.३२ रुपये अधिक. म्हणजे जंतूनें खाल्लेली साखर शेतकऱ्याच्या पदरांतूनच जाते. तोडणाऱ्याची मजुरी टनावर. सुकलेल्या उसांत त्याचाही घाम वाया जातो. मग ऊस पडून राहावा अशी इच्छा तो कां करील? वाहन वेळेवर धाडणें त्याच्या हातीं नाहीं.

गाळप थांबूं नये म्हणून आवारांत थोडा ऊस शिल्लक हवा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु वाहन ठरल्यावांचून तोड देऊं नये, आणि आधीं तुटलेला ऊस आधीं गव्हाणींत पडावा. आमची सूचना साधी आहे: प्रत्येक चिठ्ठीवर ऊस तोडल्याची व गव्हाणींत पडल्याची वेळ लिहावी, आणि तिची नक्कल शेतकरी व तोडणारा या दोघांस द्यावी. मग दिरंगाई कोठें झाली, हें कागदच सांगेल.