रवी, कवी आणि न दिसणारा सोबती

‘जे न देखे रवी ते देखे कवी’ हे वचन आमच्या वर्गांतून इतक्या वेळा उच्चारले जाते की त्यातला गर्व आता कोणाला खटकतही नाही. न दिसणारे पाहणे हा साहित्याचा प्रांत. विज्ञानाने दिसते तेवढे मोजावे, असा आम्हा मराठीच्या अध्यापकांचा समज आहे. या समजाला आमचा विरोध आहे, आणि त्यासाठी आम्ही ग्लीझ २२९ या ताऱ्याची साक्ष काढतो.

पृथ्वीपासून सुमारे १९ प्रकाशवर्षांवरचा हा तांबडा बटू सूर्याहून लहान, थंड, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. १९९५ साली त्याचा एक फार मंद सोबती सापडला. तारा होण्याइतके वस्तुमान नसलेला, मिथेनच्या खुणा दाखवणारा हा ‘तपकिरी बटू’ पुढे त्या जातीचा नमुनाच ठरला. पण मुख्य ताऱ्याच्या चालीतल्या सूक्ष्म झोलावरून या सोबत्याचे वस्तुमान काढले, तेव्हा ते गुरू ग्रहाच्या सुमारे ७० पट भरले. एवढ्या वस्तुमानाच्या मानाने त्याचा प्रकाश फारच कमी होता. हिशेब जुळेना. अखेर चिलीतील चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून पाहिले गेले आणि २०२४ मध्ये उलगडा झाला. तो एक नव्हताच. गुरूच्या सुमारे ३८ पट आणि ३४ पट वस्तुमानाचे दोघे एकमेकांभोवती १२ दिवसांत फेरी घालत होते. एकोणतीस वर्षे दोघांना एकाच नावाने हाक मारली जात होती!

यात प्रतिभा नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करावे?

उलट उदाहरणही आहे. बर्नार्डच्या ताऱ्याला, तोही तांबडा बटूच, अदृश्य सोबती आहे असे पीटर व्हॅन डी काम्प यांनी १९६३ मध्ये अनेक दशकांच्या छायाचित्रांवरून सांगितले. १९७३ मध्ये दिसून आले, की दुर्बिणीच्या भिंगाची जुळणी बदलली तेव्हा इतर तारेही तसेच ‘हलले’ होते. (त्या ताऱ्याभोवती अलीकडे खरे ग्रह सापडले, ते हे नव्हेत.) व्हॅन डी काम्प यांनी अखेरपर्यंत चूक मानली नाही, त्यांच्या शास्त्राने मानली.

आम्ही मात्र कवितेत शोधलेला ‘सूचित अर्थ’ कधी मागे घेतल्याचे कोणाला आठवते काय? आपलेच भिंग हलले असेल, ही शंका आम्हाला शिवत नाही. ‘हा अर्थ ओळींशी जुळत नाही’ असे एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, तर आम्ही त्याचे गुण कापतो. आमच्यापैकी दोघांनी कापले आहेत.