वायरची मलमपट्टी

मागच्या पावसाळ्यात पाण्याची मोटर लावताना शॉक बसलेल्या एक बाई दवाखान्यात आल्या. तळहात भाजला होता. उघड्या वायरला पट्टी नव्हती का, असे विचारले तर म्हणाल्या, "होती की डॉक्टर, तुम्हीच दिलेली!" जखमेवरची कापडी चिकटपट्टी, ओल धरणारी!

विजेची काळी पट्टी वेगळी. पण तीही, माझ्या मते, प्रथमोपचारच. उष्णतेने तिचा चिकटपणा जातो, ओलाव्यात ती सुटते. घरातली वीज २३० व्होल्टची. ओली त्वचा तिला फारसा अडथळा करत नाही, आणि छातीतून गेलेला १०० मिलिअँपिअर प्रवाहही हृदयाची लय बिघडवायला पुरे होतो.

पट्टी लावायचीच तर आधी मेन स्विच बंद करावा, वायर कोरडी पुसावी. पट्टी किंचित ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर घेत, दोन्हीकडच्या शाबूत आवरणापर्यंत गुंडाळावी. मोटर, कूलर, गिझर यांना मात्र पट्टी नकोच. अखंड नवी वायर घाला. वायरमन चार-चार दिवस फिरकत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तोवर मोटर बंद ठेवा आणि बादलीने पाणी भरा.