अदलाबदलीचा व्यापार

आपण श्रीखंडावर घालतो ती चारोळी पुष्कळदा बस्तरच्या अरण्यातून येते. एके काळी तेथील आदिवासी आठवडी बाजारात चारोळी देऊन बदल्यात मीठ घेत. शहरात चारोळी महाग आणि मीठ स्वस्त; परंतु अरण्यात मीठ मिळत नसे, म्हणून माप व्यापाऱ्याच्या हाती राही. वस्तूला वस्तू मिळाली, एवढ्याने व्यवहार न्याय्य होत नाही.

राष्ट्राराष्ट्रांतही असे व्यवहार होतात. आपण रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहत असाल, तर त्याचे उदाहरण जवळच आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झाला. यंत्रसामग्री कर्जाऊ मिळाली; व्याज दरसाल अडीच टक्के व फेड १२ वार्षिक हप्त्यांत. देशाजवळ परकीय चलन तुटपुंजे होते. म्हणून हप्ते रुपयांत भरावेत आणि त्या रुपयांतून सोव्हिएत संघाने येथील माल घ्यावा, अशी सोय करण्यात आली. आपला चहा, ताग, मसाले व काजू तिकडे जात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले.

मग सर्वच व्यापार असा का करू नये, असे आपण विचाराल. शेजारणीला आपले लोणचे हवे असेल, तोवरच ती त्याच्या बदल्यात पीठ देईल. तिला लोणचे नको झाले की आपली बरणी भरलेली असूनही व्यवहार अडतो. राष्ट्रांचेही तसेच आहे. सोव्हिएत संघ १९९१ साली विघटित झाला आणि रुपया-रूबल व्यवस्था संपली. जुन्या कर्जासाठी रूबलचा भाव कोणता धरावा, याचा वाद १९९३ च्या करारापर्यंत चालला.

जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापाराची देणी रुपयांत भागविण्याची मुभा दिली. भारताने रशियाचे तेल पुष्कळ घेतले. रशियाने आपला माल त्या मानाने थोडाच घेतला. मे २०२३ मध्ये गोव्यात आलेल्या रशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत, अशी अडचण सांगितली.

तात्पर्य, परकीय चलन वाचविण्याची युक्ती उपयोगी खरी. परंतु तिचे बळ आपल्या मालाच्या मागणीत असते. दुसऱ्यास हवे असे काही ज्याच्याजवळ आहे आणि त्याचे मोल जो ओळखतो, त्यालाच बाजारात मापावर हात ठेवता येतो.