शिकाऊ विमानाला अधांतरी उभे करण्याचा हट्ट

रेडिओ-नियंत्रित छोटी विमाने बनवणारी मुले मला अलीकडे बरीच भेटतात. ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावर जी ओली, टणक वाळू उघडी पडते, ती अशा विमानांना धावपट्टी म्हणून फार छान. ही मुले हौशी असतात, हाताने कुशल असतात. पण त्यांचा पहिला प्रश्न हटकून एकच असतो : "सर, किती वॉटची मोटर बसवली म्हणजे विमान नाक वर करून हवेत जागच्या जागी उभे राहील?"

मोबाईलवर त्यांनी तशी विमाने पाहिलेली असतात. प्रॉपेलरला जणू दोरीने टांगावे तसे विमान अधांतरी लटकते, मध्येच स्वतःभोवती गिरकी घेते. दृश्य मोठे मोहक असते, यात शंका नाही. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्या विमानावर उडवायला शिकायचे त्यात अधांतरी उभे राहण्याइतकी ताकद मुद्दामच ठेवू नये. हे मत काही म्हाताऱ्याची कुरकुर म्हणून मी मांडत नाही. त्यामागे साधे गणित आहे, आणि ते नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला कागदावर करता येते.

मुळात "किती वॉट" हा प्रश्नच अपुरा आहे. विमानाचे वजन हे बल आहे. ते न्यूटनमध्ये मोजतात. वॉट हे शक्तीचे माप आहे. या दोहोंची तुलना थेट करता येत नाही. विमान टांगून ठेवायचे तर वजनाइतकाच वरच्या दिशेने रेटा हवा, आणि तो रेटा मोटर देत नाही, प्रॉपेलर देतो. प्रॉपेलर हवा खाली फेकतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान वर ढकलले जाते. न्यूटनचा तिसरा नियमच हा.

आता समजा, आपले विमान १.२ किलोग्रॅमचे आहे. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू. म्हणजे वजन १२ न्यूटन. प्रॉपेलरचा व्यास १० इंच, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर. हिशेब केला तर असे दिसते की, एवढा रेटा मिळवायला या प्रॉपेलरने दर सेकंदाला सुमारे ०.६ किलोग्रॅम हवा सेकंदाला २० मीटर वेगाने खाली फेकली पाहिजे. ०.६ गुणिले २० म्हणजे १२. झाले आपले १२ न्यूटन. पण त्या हवेला दिलेली गतिज ऊर्जा पाहा : वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ०.३ गुणिले ४००. दर सेकंदाला १२० जूल, अर्थात १२० वॉट.

हेच विमान सरळ उडत असताना काय होते? तेव्हा वजन पंख पेलतात. पंखांच्या दोन टोकांमधले अंतर दीड मीटर आणि विमानाचा वेग सेकंदाला १२ मीटर धरू. पंखही हवा खालीच ढकलतात, पण दीड मीटर व्यासाच्या एका लांबलचक नळीएवढ्या हवेला ते हलवतात असे हिशेबासाठी मानतात. ही हवा सेकंदाला सुमारे २५ किलोग्रॅम भरते! मग १२ न्यूटनसाठी तिला खाली किती वेग द्यावा लागेल? सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. आणि ऊर्जा? साडेबारा गुणिले अर्ध्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ३ वॉट.

एकीकडे १२०, दुसरीकडे ३. वजन तेच. संवेगात वेग एकदा येतो, गतिज ऊर्जेत त्याचा वर्ग येतो, एवढ्याच कारणाने हा फरक पडतो. थोड्या हवेला जोराने हाकलण्यापेक्षा पुष्कळ हवेला हळूच सरकवणे कितीतरी स्वस्त. पंख म्हणजे काय, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

अर्थात सरळ उडताना हवेच्या घर्षणालाही तोंड द्यावे लागते. तो सगळा रोध मिळून साधारण दीड न्यूटन धरला तर १२ मीटर वेगाला १८ वॉट लागतात. मोटर आणि प्रॉपेलरमधली गळती धरून बॅटरीतून ४० वॉट जातील. अधांतरी उभे राहताना मात्र गळतीसकट अडीचशे वॉट. आता २४ वॉट-तासांची बॅटरी घ्या (तीन घटांची, २२०० मिलिअँपिअर-तासांची नेहमीची बॅटरी एवढीच असते). ती पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून पाचवा हिस्सा शिल्लक ठेवू. सरळ उडाल तर सुमारे अर्धा तास सराव मिळेल. टांगून राहाल तर पाच मिनिटेही नाहीत. शिकणाऱ्याला सर्वांत जास्त गरज कशाची असते? सरावाच्या मिनिटांची.

प्रॉपेलर मोठा घेतला तर? चांगला प्रश्न. व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच रेट्याला निम्मी शक्ती पुरते. हेलिकॉप्टरचा पंखा एवढा विशाल असतो तो याचसाठी. पण २० इंची प्रॉपेलर छोट्या विमानाला लावला तर तो जमिनीलाच घासेल. शिवाय प्रॉपेलरच्या पात्यांचा कोनही पाहावा लागतो. कार्लेखिंड चढताना एस.टी.चा चालक गाडी खालच्या गिअरमध्ये घेतो, तसा टांगून राहायला कमी कोनाचा प्रॉपेलर लागतो. तोच वेगाने उडताना निरुपयोगी ठरतो. एकच मोटर, एकच शक्ती, पण प्रॉपेलर बदलला की विमानाची वागणूक बदलते. म्हणून केवळ वॉटचा आकडा सांगून मोटर विकणाऱ्यावर फार विसंबू नये.

पूर्वी हा मोह एवढा नव्हता. मिथेनॉलवर चालणारी साडेसहा घन सेंटिमीटरची इंजिने शिकाऊ विमानांत सर्रास असत. पण अडीच किलोचे विमान टांगून ठेवण्याचा जोर त्यांत सहसा नसे. हलक्या विद्युत मोटरी आणि लिथियम बॅटऱ्या आल्या आणि ताकद स्वस्त झाली. वजनापेक्षा जास्त रेटा आता कोणालाही विकत घेता येतो. पण विमानाची रचना त्याबरोबर आपोआप बदलत नाही, आणि खरी मेख इथेच आहे.

शिकाऊ विमानाचे गुण कोणते? पंख मोठे, टोकांकडे किंचित वर उचललेले. विमान एका बाजूला कलले की ते स्वतःच हळूहळू सरळ होते. शिकणाऱ्याचे बोट चुकले तरी विमान सांभाळून घेते. पण हा गुण पंखांवरून हवा वाहत असेल तरच चालतो. विमान टांगले की पंखांवरून वाहणारी हवा जवळजवळ थांबते. प्रॉपेलरचा झोत तेवढा मधल्या भागावरून शेपटीकडे जातो. टोकाकडच्या झडपा त्या झोताच्या बाहेर राहतात, त्या हलवून फारसे काही घडत नाही. त्यातच प्रॉपेलर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने विमानाला पीळ बसतो, आणि तो आवरायला हाताशी काही नसते. मोबाईलवरच्या त्या कसरतीच्या विमानांना म्हणूनच भल्यामोठ्या झडपा आणि रुंद सुकाणू असते. ती वेगळ्याच जातीची विमाने. आपल्या शिकाऊ विमानात तीच मोटर बसवणे म्हणजे त्याचे सगळे गुण काढून घेणे आणि कसरतीच्या विमानाचा एकही गुण न देणे.

वजनाचे काय? मोठी मोटर, मोठी बॅटरी मिळून विमान १.२ चे १.७ किलोग्रॅम झाले असे धरा. पंख तेच राहिले, म्हणजे हवेत टिकून राहायला लागणारा किमान वेग वाढला : सेकंदाला ८ मीटर होता तो साडेनऊ झाला. उतरताना विमानाची गतिज ऊर्जा आधी ३८ जूल होती, ती आता ७७ च्या आसपास गेली. दुप्पट! पहिली दहा-वीस उतरणी कशी होतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या आकड्याचा अर्थ सांगायला नको. फोम तुटतो, घरच्यांनी कौतुकाने दिलेले काही हजार रुपये वाळूत जातात, आणि पोरगा पुन्हा किनाऱ्याकडे फिरकत नाही. मला चीड येते ती याची. त्याला वाटते आपल्याला जमत नाही. प्रत्यक्षात ते विमानच त्याला शिकवण्याजोगे उरलेले नसते.

याला एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. जादा ताकद असली तर संकटातून विमान वर ओढून काढता येते. खरे आहे. पण त्यासाठी वजनाच्या निम्मा रेटा भरपूर झाला. उडत्या वेगाला तो थोडा घटतो हे धरूनही विमान पंधरा-वीस अंशांनी चढेल. त्याहून उभे चढणारे विमान नवख्याला आवरतच नाही.

खऱ्या विमानांकडे पाहा. आपल्या नौदलात १९८३ पासून २०१६ पर्यंत सी हॅरियर विमाने होती. गोव्यात दाबोळीला त्यांचा तळ होता आणि 'विराट' जहाजावरून ती उडत. अधांतरी उभे राहून सरळ खाली उतरणारे हे विमान. उतरताना ते इंधन जाळून हलके झालेले असे. इंजिन फार तापू नये म्हणून त्यात पाणी फवारण्याची सोय होती, ते पाणी सुमारे दीड मिनिटच पुरे. आणि भार घेऊन निघताना? तेव्हा हेच विमान जहाजाच्या वर वळलेल्या धावपट्टीवरून धावत जाऊनच उडे, म्हणजे शक्य तितके वजन पंखांवर टाकी. आपल्या खाडीवरचा कवड्या खंड्याही मासा हेरण्यापुरता पंख फडफडवत एका जागी थांबतो आणि लगेच सूर मारतो. त्याच्याहून कितीतरी जड असलेली घार मात्र पंख पसरून तासन्‌तास फिरते.

एक सूचना करतो. असली विमानेसुद्धा ड्रोन नियम, २०२१ च्या कक्षेत येतात. उडवण्यापूर्वी सरकारी नकाशावर आपली जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते मोठ्यांच्या मदतीने पाहावे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाल्यापासून उरण-पनवेलकडच्या मुलांनी तर हे विसरूच नये. आणि किनाऱ्यावर माणसे असतील त्या बाजूला विमान नेऊ नये.

ज्यांना विमान अधांतरी पाहायचेच आहे, त्यांनी दुपारी समुद्रावरून वारा सुटला की आपले हलके शिकाऊ विमान समुद्राकडे तोंड करून सावकाश उडवावे. विमानाचा हवेतला वेग सेकंदाला ९ मीटर आणि समोरचा वाराही ९ मीटर असला, तर विमान वाळूच्या संदर्भात जागचे हलणार नाही. मोटर मंद चालत असेल, पंखांचे सगळे गुण शाबूत असतील आणि झडपाही ऐकत असतील. वारा कमी झाला की विमान पुढे सरकेल, वाढला की मागे येईल. मित्राला वाळूवर दोन खुणा करून घड्याळ घेऊन उभे करा. विमानाची सावली एका खुणेपासून दुसरीपर्यंत जायला किती सेकंद लागले ते मोजा, आणि त्यावरून त्या दिवशीचा वाऱ्याचा वेग काढून पाहा.