कुल्हडातलं शेत
अमेरिकेत मुलांच्या वाढदिवसाला ‘डर्ट कप’ नावाचा गोड प्रकार करतात: पेल्यात चॉकलेट पुडिंग, वर बिस्किटांच्या चुऱ्याची ‘माती’ आणि तिच्यातून डोकावणारी जेलीची गांडुळं. आमच्या घरी हे शेत मातीच्या कुल्हडात पिकतं. अर्धा लिटर दुधातलं वाटीभर दूध गारच बाजूला ठेवायचं आणि त्यात तीन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर, दोन चमचे कोको कालवायचा. गरम दुधात कॉर्नफ्लॉवर थेट टाकलं, तर ते बाहेरून लगेच शिजतं, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या धरतात. उरलेलं दूध चार चमचे साखर घालून उकळलं, की हे मिश्रण धार धरून ओतायचं. हात अजिबात थांबवायचा नाही. बुडबुडे फुटू लागल्यावरही मिनिट-दोन मिनिटं ढवळायचंच, नाहीतर पिठूळ चव जिभेवर रेंगाळते. गॅसपाशी मोठ्यांनी उभं राहावं, बाकी सगळं राज्य मुलांचं. कोकोची बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने कुटताना त्यांचे चेहरे बघावेत! पुडिंग गार झालं की माती पसरायची, पुदिन्याचा शेंडा रोवायचा. गांडुळांचा मात्र माझा आग्रह असतो. अंगणात गांडूळ दिसलं की किंचाळणारी माझी भाची परवा कुल्हडातलं गांडूळ अलगद मातीखाली सरकवत म्हणाली, “मावशी, याला आत राहू दे. हा जमीन भुसभुशीत करतोय.”