परवान्याआधी खाते, की खात्याआधी परवाना?

थायलंडमधील चिआंग माई, हुआ हिन, पट्टाया या गावांत गेल्या काही दशकांत युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथून आलेल्या निवृत्तांच्या जणू वसाहतीच उभ्या राहिल्या आहेत. मायदेशी जे निवृत्तिवेतन घरभाडे आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च यांतच संपावयाचे, ते येथे सुखाने पुरते. हवा उबदार, माणसे अगत्यशील आणि खाजगी रुग्णालयेही चांगली. थायलंडलाही हे पाहुणे नकोसे नाहीत. निवृत्ताच्या परवान्यावर राहणाऱ्यास नोकरी करण्याची मुभा नसल्यामुळे तो कोणा स्थानिकाच्या पोटावर पाय आणत नाही. उलट बाहेरचा पैसा आणून तो गावातच खर्च करतो. असा हा उभयपक्षी लाभाचा व्यवहार आहे. परंतु तो अनेकदा अडतो एका अगदी साध्या ठिकाणी, म्हणजे बँकेच्या खिडकीपाशी.

निवृत्त म्हणून थायलंडमध्ये वर्षभर राहावयाचे, तर वयाची ५० वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि पोटापाण्याची सोय असल्याचा पुरावा द्यावा लागतो. थाई बँकेत स्वतःच्या नावे ८ लाख बाथ, म्हणजे सुमारे वीस-बावीस लाख रुपये, शिल्लक असणे हा एक पुरावा. दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न हा दुसरा. पूर्वी उत्पन्नाचे पत्र आपापल्या वकिलातीकडून मिळे. उत्पन्नाच्या आकड्याची शहानिशा करणे शक्य नसल्यामुळे ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्या वकिलातींनी २०१९ च्या आरंभापासून ही पत्रे देणे बंद केले. तेव्हापासून या देशांच्या नागरिकांना दरमहाचे उत्पन्नही थाई बँकेत जमा होत असल्याचेच दाखवावे लागते. म्हणजे वाटा दोन दिसल्या, तरी दोन्ही एकाच दारातून जातात आणि त्या दाराची किल्ली शाखाधिकाऱ्याच्या हाती असते.

पर्यटक म्हणून आलेला निवृत्त खाते उघडण्यास गेला, की ‘आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा आणा’ असे त्यास सांगण्यात येते. तो व्हिसासाठी परदेशी नागरिकांच्या कचेरीत गेला, की तेथे पासबुक मागितले जाते. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, असा हा पेच आहे. मायदेशातील थाई वकिलातीकडून ९० दिवसांचा व्हिसा घेऊन येण्याचीही एक सोय आहे. परंतु तीही वाटते तितकी सोपी नाही. मुदतवाढीच्या पहिल्या अर्जापूर्वी ८ लाख बाथ दोन महिने खात्यात पडून असले पाहिजेत. नव्वदातून साठ वजा केल्यास उरतात अवघे तीस दिवस. तेवढ्या अवधीत परक्या देशात घर शोधावयाचे, राहत्या पत्त्याचा दाखला मिळवावयाचा, खाते उघडावयाचे आणि आयुष्यभराच्या शिलकेतील मोठा हिस्सा समुद्रापलीकडून तेथे आणावयाचा. साठी-सत्तरीच्या माणसाकडून ही धावपळ अपेक्षिणाऱ्या नियमाला व्यवहार्य म्हणणे कठीण आहे.

यातील खरी मेख अशी, की परदेशी निवृत्ताला खाते देऊ नये असा कायदा थायलंडमध्ये नाही. मनाई नाही, तसा हक्कही नाही. आहे ती मर्जी. एका बँकेची रीत एक, दुसरीची दुसरी. किंबहुना एकाच बँकेची एक शाखा ज्या कागदांवर खाते उघडते, त्याच कागदांवर दुसरी शाखा माणसाला परत पाठविते. नकाराचे कारण लेखी मिळत नाही आणि त्याविरुद्ध दाद मागावी, असे सहज हाताशी येणारे ठिकाणही नाही. जेथे नियमाची जागा मर्जी घेते, तेथे दलालाचे फावते हा जगभरचा अनुभव आहे. थायलंडमधील निवृत्तांच्या गावांत ‘खाते उघडून देतो, परवाना मिळवून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ त्यामुळेच बोकाळले आहेत. त्यांतील काही केवळ कागदपत्रांची मदत करतात. काही ठरावीक मोबदला घेऊन अर्जापुरती रक्कम खात्यात भरून दाखविण्यापर्यंत मजल मारतात. पहिल्या प्रकारात निवृत्ताचा खिसा हलका होतो. दुसऱ्या प्रकारात तो नकळत किंवा कळूनही कायदाभंगात ओढला जातो.

बँकांची बाजूही समजून घ्यावयास हवी. दूरध्वनीवरून व संगणकावरून होणाऱ्या फसवणुकीने थायलंडला अलीकडे ग्रासले आहे. लुबाडलेला पैसा दुसऱ्याच्या नावावरील खात्यांतून फिरविला जातो. अशा खात्यांना थाई भाषेत ‘घोडा-खाती’ असे नाव पडले आहे. त्यांच्या बंदोबस्तासाठी २०२३ मध्ये वटहुकूम निघाला आणि २०२५ मध्ये तो अधिक कडक करण्यात येऊन नुकसानीची जबाबदारी बँकांवरही येऊ शकेल अशी तरतूद झाली. त्यात परदेशांच्या कायद्यांची भर आहे. अमेरिकी नागरिकांच्या खात्यांची माहिती जगभरच्या बँकांनी अमेरिकेच्या करखात्यास पोहोचवावी, यासाठी त्या देशाने २०१० मध्ये कायदा केला आणि न जुमानणाऱ्या वित्तसंस्थांना अमेरिकेतून मिळणाऱ्या ठरावीक रकमांवर ३० टक्के कपातीची तरतूद केली. परिणामी युरोपातील अनेक बँकांनीही अमेरिकी ग्राहकांच्या वाटेस जाणे टाळले. तेव्हा एका वृद्धाच्या खात्यातून मिळणारा लाभ अल्प आणि चुकल्यास होणारी हानी मोठी, असा हिशेब शाखाधिकाऱ्याने केला, तर तो दुष्ट आहे असे म्हणता येणार नाही.

परंतु हिशेब समजण्याजोगा असला, म्हणजे तो न्याय्य ठरतो असे नाही. निवृत्त परदेशी माणसाइतका उघड्यावर असलेला ग्राहक बँकेला दुसरा क्वचितच मिळेल. त्याचे पारपत्र सरकारने पाहिलेले असते. दर ९० दिवसांनी त्याला आपला पत्ता कळवावा लागतो. दरवर्षी त्याचे पासबुक आणि बँकेचे पत्र सरकारी अधिकारी तपासतात. त्याचा पैसा निवृत्तिवेतनाच्या किंवा बचतीच्या रूपाने परदेशातील बँकेतून येतो आणि खात्यात बराच काळ हलतही नाही. फसवणुकीचा पैसा तर झटपट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळविला जातो, आणि त्यासाठी बव्हंशी गरजू स्थानिकांची नावे भाड्याने घेतली जातात. अशा स्थितीत वृद्धाला दारातून परतविणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखेच होय. इतकेच नव्हे, तर सरळ मार्ग बंद झाल्यामुळे प्रामाणिक माणूस दलालाच्या आडमार्गाला लागतो आणि ज्या पारदर्शकतेसाठी हा सारा खटाटोप, तीच नाहीशी होते.

खाते मिळाल्यावरही प्रश्न संपत नाही. २०१९ पासूनच्या नियमानुसार ८ लाख बाथ अर्जापूर्वी दोन महिने आणि परवाना मिळाल्यावर तीन महिने तसेच ठेवावे लागतात. उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. वर्षातील पाच महिने पूर्ण रक्कम आणि सात महिने तिचा निम्मा भाग गोठलेलाच राहतो. आता या निवृत्ताला हृदयविकाराचा झटका आला आणि रुग्णालयाने अनामत मागितली, अशी कल्पना करावी. पैसा त्याचाच आहे, तो आजारपणाची तरतूद म्हणूनच सरकारने ठेवावयास लावलेला आहे. परंतु तो खर्च करावा, तर पुढचा परवाना धोक्यात येतो. जीव वाचवावा, की राहण्याचा हक्क वाचवावा, असा प्रश्न रुग्णशय्येवरील माणसापुढे उभा राहतो. ठेव स्वतःच्या नावे असावी लागत असल्यामुळे जोडीदारासही त्या प्रसंगी ती सहजासहजी काढता येत नाही. खातेदार दगावलाच, तर न्यायालयाने मालमत्तेचा व्यवस्थापक नेमीपर्यंत विधवेला त्या पैशाची वाट पाहावी लागते. ज्या नियमाचा हेतू ‘हा माणूस आमच्यावर भार होऊ नये’ एवढाच आहे, त्याने माणसाला नेमक्या संकटाच्या वेळी निराधार करावे, हा विपर्यास आहे.

हा पेच अटळ आहे, असेही नाही. शेजारच्या मलेशियाने परदेशी लोकांना दीर्घकाळ राहू देण्याची जी योजना २००२ पासून राबविली, तिच्यात अर्जदाराला आधी सशर्त मंजुरीचे पत्र मिळते. ते पत्र दाखवून तो मलेशियातील बँकेत मुदत ठेव ठेवतो आणि त्यानंतर पारपत्रावर परवाना उमटतो. २०२१ मध्ये मलेशियाने ठेवीची रक्कम १० लाख रिंगिटपर्यंत वाढविली, तेव्हा तिच्यावर पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यही होती. परंतु आधी काय आणि मागून काय, याचा क्रम तेथे स्पष्ट होता. फिलिपाईन्सने १९८५ मध्ये निवृत्तांसाठी स्वतंत्र प्राधिकरणच स्थापन केले आणि ठेव कोणत्या बँकेत ठेवावयाची, हेही ठरवून दिले. रक्कम किती असावी हा धोरणाचा भाग झाला. ती ठेवण्याची वाट दाखविणे हे सरकारचे कर्तव्य, हे या दोन्ही देशांनी ओळखले.

फ्रान्स याही पुढे गेला. १९८४ च्या बँकिंग कायद्यापासून तेथे खाते हा हक्क मानला जातो. बँकेने नकार दिल्यास माणूस थेट मध्यवर्ती बँकेकडे जातो आणि ती एखादी बँक नेमून देते. त्या बँकेला खाते उघडावेच लागते. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने हेच तत्त्व सर्व सदस्य देशांना लागू केले. संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या कोणालाही मूलभूत खाते मिळाले पाहिजे, तो कोणत्या देशाचा नागरिक आहे ही सबब चालणार नाही, आणि अर्जावरील निर्णय कामकाजाच्या दहा दिवसांत व्हावा, असे तो निर्देश सांगतो. म्हणून युरोपातील बँका बुडाल्या नाहीत किंवा गुन्हेगारांना मोकळे रान मिळाले, असेही झाले नाही.

भारताचा अनुभवही या संदर्भात उपयोगी पडण्याजोगा आहे. निवृत्त परदेशी लोकांसाठी स्वतंत्र व्हिसा भारतात नाही. तथापि, भेटीसाठी आलेल्या परदेशी पर्यटकालासुद्धा सहा महिन्यांपर्यंत ठरावीक प्रकारचे खाते उघडता येते, आणि ही सवलत शाखेच्या मर्जीने नव्हे, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने मिळते. ज्या भारतीयाकडे पुरेशी कागदपत्रे नाहीत, त्याला परत न पाठविता ‘छोटे खाते’ देण्याची पद्धतही येथे आहे. शिल्लक ५० हजार रुपयांपेक्षा अधिक नको, वर्षातील जमा १ लाखापेक्षा अधिक नको आणि महिन्यातील उचल १० हजारांपेक्षा अधिक नको, अशा मर्यादा त्यास असतात. संशय असेल, तेथे नकार देण्याऐवजी मर्यादा घालावी, हा त्यामागील विचार शहाणपणाचा आहे. पुण्या-ठाण्याचे निवृत्तही आता मुलांपाशी किंवा स्वतंत्रपणे परदेशी दीर्घकाळ राहू लागले असल्यामुळे, हा प्रश्न केवळ गोऱ्या पेन्शनरांचा राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली त्यांना वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. परंतु ती जेथे न्यावयाची, तेथे खाते मिळेल की नाही, हे आधीच पाहणे त्यांच्या हिताचे आहे.

कोणाला देशात राहू द्यावे, हा प्रत्येक सार्वभौम राष्ट्राचा अधिकार आहे, त्याविषयी वाद नाही. परदेशी वृद्धाला परवाना नाकारण्यास थायलंड मुखत्यार आहे. मात्र एकदा का सरकारने बँकेचे खाते ही परवान्याची अट ठरविली, की ते खाते ग्राहक आणि दुकानदार यांच्यातील खाजगी सौदा राहत नाही. तो सरकारी कारभाराचाच एक भाग होतो. अट घालणाऱ्याने ती पुरी करण्याचा मार्ग खुला ठेवला पाहिजे. त्यासाठी फार मोठ्या कायद्याचीही गरज नाही. प्राथमिक छाननीनंतर सरकारने सशर्त मंजुरीचे पत्र द्यावे. त्या पत्रावर ठराविक बँकांनी खाते उघडणे बंधनकारक असावे. परवाना मिळेपर्यंत हवे तर उचलीवर मर्यादा असावी. नकार द्यावयाचा झाल्यास तो लेखी आणि कारणासह द्यावा आणि त्यावर मध्यवर्ती बँकेकडे दाद मागता यावी. रुग्णालयाच्या बिलापुरती गोठलेली रक्कम थेट रुग्णालयाला देण्याची आणि त्यामुळे परवान्याला बाध न येण्याची सोयही त्याबरोबरच व्हावी.

उतारवयात देश बदलणारा माणूस मोठे धाडस करीत असतो. भाषा, शेजार, ओळखीचे डॉक्टर हे सारे मागे टाकून तो येतो, तेव्हा त्याच्यापाशी उरलेला एकमेव आधार म्हणजे त्याची शिल्लक. ती आणा, असे सांगून बोलावणाऱ्या देशाने ती ठेवावयास सुरक्षित जागा देणे, ही मेहेरबानी नव्हे. ते यजमानाचे कर्तव्य आहे.